तळेकरांच्या सात नळ्या

बहुतेक लोक नव्या माणसाचा चेहरा बघतात. तळेकर गुडघे बघत.

आमची पहिली भेट ऐंशी-एक्याऐंशी सालची. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी आणि रसायनं विकत मी तेव्हा मुलुंडपासून अंधेरीपर्यंत हिंडत असे. गळ्यात टाय, हातात कातडी बॅग आणि चेहऱ्यावर असं हसू, की ते बघून गिऱ्हाइकाने आधी खिसा सांभाळावा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागे एक छोटी कंपनी होती. धनुर्वात झाला किंवा साप चावला की टोचायचं सिरम तिथे तयार होई आणि ते निघे घोड्यांच्या रक्तातून. त्यासाठी मागच्या पत्र्याच्या तबेल्यात चाळीसएक घोडे बांधलेले असत. मरोळमध्ये घोडे आहेत हे मरोळच्याच निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. वास यायचा, पण त्या भागात इतके वास येत की एका वासाचा पत्ता कोण काढत बसणार?

तिथल्या तपासणी विभागात तळेकर होते. मी आत गेलो, वाकून नमस्कार केला, माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. त्यांनी त्यातला एक शब्दही ऐकला नाही. ते माझ्या पँटकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, इस्त्रीत काही चुकलं.

"बसा," ते म्हणाले.

बसलो.

"उठा."

उठलो.

"आता परत बसा. आणि असे सावकाश उठा, कुणी बघत नाही असं समजून."

मी उठलो. ते समाधानाने मान हलवत म्हणाले, "सगळा भार उजव्यावर देता. डाव्याला लहानपणी काय केलंत?"

आता आली का पंचाईत! शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी हनुमान झालो होतो. लंका जाळून मी स्टेजवरून झेप घेतली आणि खाली झेलायला उभी केलेली वानरसेना ऐन वेळी बाजूला झाली. ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. तळेकरांनी ती दोन उठाबशांत काढली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. मी त्यांचा 'नाटकवाले' झालो, तो शेवटपर्यंत.

जाताना त्यांनी हळूच एक चिठ्ठी माझ्या हातात सरकवली. तीत एका निळ्या रंगाचं नाव होतं. टोल्युडीन ब्ल्यू.

"हे कंपनीच्या यादीत नाही," मी म्हणालो.

"ते माझं खासगी आहे," तळेकर कुजबुजले. दारू मागवणारी माणसं मी पाहिली होती. पण रंग मागवताना इतकं चोरटं तोंड केलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तळेकर दिसायला अगदी कुणाच्या लक्षात न राहण्यासारखे. बुटके, बारीक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं कायम जांभळट. देवगडकडचे. मरोळ गावठाणात दहा बाय दहाची खोली, तीत एक स्टोव्ह, एक खाट आणि भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेलं घोड्याच्या गुडघ्याचं भलंमोठं चित्र, आतल्या हाडांसकट. शेजारच्या बाईंना ते काय आहे ते कळत नसे. पण एवढा सज्जन माणूस रोज त्याच्यासमोर उभा राहतो म्हणजे ते कुठलंतरी कडक देवस्थान असणार, असं धरून त्या दर दसऱ्याला चित्राला झेंडूची माळ घालून जात. तळेकर ती काढत नसत. म्हणायचे, "असू दे. गुडघ्याला कधी कोण हार घालतो?"

बायको गावाला. तळेकरांच्या आईला बघायला कुणीतरी हवं म्हणून ती लग्नानंतर तिथेच राहिली. तळेकर मे महिन्यात जात आणि गणपतीत आठ दिवस. आई नव्वदी गाठून गेली. आता बायकोला मुंबईला आणायची म्हणून तळेकरांनी दोन नवी ताटं घेतली. सहा महिन्यांत बायकोच गेली. हे सगळं त्यांनी मला एकदा ताप मोजल्यासारखं सांगितलं. "बावीस वर्षांचा संसार, नाटकवाले. मी हिशेब केला. सगळे दिवस एकापुढे एक ठेवले तर सव्वादोन वर्षं भरतात." मग नळी उजेडात धरून म्हणाले, "तशी बाई चांगली होती. मला वाटतं."

ते 'मला वाटतं' माझ्या कानातून जायला फार वर्षं लागली.

त्या निळ्या रंगाची गोष्ट आता सांगतो. ती सुरू झाली सत्तावीस नंबरच्या घोड्यापासून. कंपनीत घोड्यांना नावं नव्हती, पाटीवर नंबर असत. तळेकर मात्र त्यांचा मान राखून बोलत. "काय सत्तावीसराव, आज हरभरा नको का?" असं. हे सत्तावीसराव एके दिवशी बसले ते उठलेच नाहीत. आदल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत, पायात कसली खोट नाही. ते गेल्यावर कंपनीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी गुडघा उघडून बघितला. हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, ताज्या खोबऱ्यासारखी पांढरी, तिचा पत्ताच नव्हता. हाडावर हाड घासून खाली चर पडले होते.

"म्हणजे कित्येक वर्षं आत हे चाललं होतं," तळेकर मला सांगत होते, "आणि बाहेर काहीच नाही. लंगडणं ही शेवटची बातमी असते, नाटकवाले. लंगडायला लागला म्हणजे सगळं संपलेलं असतं. पहिली बातमी कुठेतरी असणारच ना?"

ती पहिली बातमी शोधायचा त्यांनी विडा उचलला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कूर्चा झिजते म्हणजे तिचा भुगा पडतो. तो भुगा सांध्यातल्या चिकट पाण्यात उतरतो. त्या पाण्याचा थेंब निळ्या रंगात टाकला आणि त्यात भुगा असला, की निळा रंग जांभळा होतो. जितका भुगा जास्त, तितका जांभळा गडद. म्हणजे घोडा लंगडायच्या कितीतरी आधी नळी बोलेल.

साहेबांनी एक पडीक धुण्याची खोली दिली, अट एकच, कंपनीच्या कामात खोळंबा नको. पाच वाजता ऑफिस सुटलं की तळेकर तिथे जात. डॉक्टर भले होते, घोड्याच्या गुडघ्यात सुई घालायचं काम करून देत. सुई डॉक्टरांची, थेंब तळेकरांचा. एकेक करून त्यांनी तबेल्यातले सगळे घोडे तपासले आणि नळ्या उभ्या ठेवायच्या एका लाकडी घोडीवर सात नळ्यांची रांग लावली. पहिली आकाशासारखी निळी, सातवी पिकल्या जांभळासारखी. पहिल्या तीन निरोगी, चौथीपासून धोका. रंग उडत, म्हणून दर महिन्याला ती रांग पुन्हा नव्याने लावायची. बारा वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. एकदा त्यांनी सगळं टाईप करून परदेशातल्या एका मासिकाला पाठवलं. पोच आली. छापील कार्ड होतं, ते त्यांनी बशीखाली जपून ठेवलं. त्यानंतर काही आलं नाही.

नळीआधी त्यांची एक वेगळी परीक्षा असे. थेंब अंगठ्यावर घ्यायचा, त्यावर तर्जनी टेकवायची आणि बोटं हळूहळू लांब न्यायची. सांधा चांगला असेल तर तार निघते. "एकतारी पाक भरलाय देवाने घोड्याच्या सांध्यात," ते म्हणत. आणि ही खोड त्यांना अशी जडली होती, की जगातल्या प्रत्येक चिकट वस्तूची ते तार काढून बघत. मध, डिंक, भेंडीची भाजी. उडप्याच्या हॉटेलात एकदा त्यांनी सांबारातल्या भेंडीची तार काढली आणि वेटरला म्हणाले, "हिचे सांधे उत्तम आहेत." वेटर मालकाला बोलवायला पळाला.

एका दिवाळीत मी त्यांना मुलुंडला घरी घेऊन आलो. बायको रव्याच्या लाडवांच्या पाकाशी झुंजत होती. तळेकर चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरले. पळीतून थेंब घेतला, बोटं लांबवली, डोळे मिटले.

"वहिनी, उतरवू नका. अजून दोन मिनिटं."

"अहो भावोजी, तुम्ही आचारी आहात की काय?" बायको म्हणाली.

"नाही वहिनी. घोड्यांच्या गुडघ्यांचं बघतो."

बायकोच्या हातातली पळी पडली. पण त्या वर्षीचे लाडू असे काही झाले, की माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा आणि शेवटचं आमच्या घरी काही मागून घेतलं. तळेकरांनी तीन लाडू खाल्ले, मुलांना गुडघ्यांवरून ओळखायचा खेळ शिकवला, पडद्याआडून नुसते पाय बाहेर, आणि आठ वाजायच्या आत निघाले. मी म्हणालो, "बसा हो, घरी कोण वाट बघतंय?"

"म्हणूनच," ते म्हणाले. "फार वेळ बसलं की सवय लागते."

बायको दार लावून बराच वेळ कडीला हात लावून उभी होती.

आता मुश्ताकभाई. हे वर्सोव्याचे घोडेवाले. मूळ रत्नागिरीकडचे, त्यामुळे मराठी फर्डं. कोळीवाड्याच्या कडेला, जिथे सुकटीच्या वासापुढे घोड्याचा वास लाजून बसतो, तिथे त्यांचा तबेला. तीन जनावरं. दोन जुहूच्या चौपाटीवर पोरांना फिरवायला आणि तिसरी चांदणी. चांदणी ही वरातीची घोडी. पांढरीशुभ्र, आणि नाचणारी. बँड वाजायला लागला की पुढचे दोन पाय उचलून ताल धरायची. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत नवरे तिच्यासाठी मुहूर्त मागेपुढे करत, असं मुश्ताकभाई सांगत. त्यातलं निम्मं सोडलं तरी बरंच उरत होतं.

कंपनीच्या डॉक्टरांकडे ते घोड्यांची औषधं विचारायला यायचे. तिथे त्यांनी तळेकरांची ती निळी-जांभळी रांग बघितली.

"ये क्या सरबत बनाया है?" त्यांनी विचारलं.

तळेकरांनी त्यांना दोन तास सगळं समजावलं. मुश्ताकभाईंनी जांभया दिल्या. पण एक प्रश्न विचारला, जो बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"मग तळेकरसाहेब, माझ्या चांदणीचं बघाल? लग्नाचा सीझन येतोय. हल्ली सकाळी उठताना ती जरा नखरे करते. लंगडत नाही हां. पण नाचवू का नको, ते सांगा."

तळेकरांचा चेहरा मी तेव्हा बघितला. कुणीतरी खुर्ची पुढे करून 'या, बसा' म्हणावं, तसा झाला होता.

रविवारी डॉक्टर आणि तळेकर वर्सोव्याला गेले. मीही गेलो, कारण असला प्रयोग मी चुकवणार नाही. थेंब काढला. मरोळला येऊन नळीत घातला. तळेकरांनी नळी रांगेशी धरली, एकदा, दोनदा, खिडकीशी, दाराशी. तिसऱ्या नळीशी तंतोतंत. त्यांनी रात्रभर विचार केला असावा. सोमवारी सकाळी कामावर यायच्या आधी बसने वर्सोव्याला जाऊन त्यांनी स्वतः निरोप दिला. "निळ्यात आहे. नाचवा."

ती वरात घाटकोपरची. एका गुजराती घरातली. तळेकरांनी मला सोबत नेलं. आम्हाला आमंत्रण नव्हतंच. बँडच्या मागून आम्ही दोघं सभ्य चेहरे करून चालत होतो आणि दोनदा लोकांनी आम्हाला सरबत दिलं. चांदणी नाचली हो! डांबरी रस्त्यावर टापा अशा वाजत होत्या की ढोलवालाच तिच्या मागे लागला. तळेकर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, "बघा, बघा, डावा कसा टाकते."

एका वळणावर नवऱ्याच्या मित्रांनी गलका केला, "अजून, अजून!" मुश्ताकभाईंनी काठी आपटली. चांदणीने पुढचे पाय उचलले, खाली टेकले आणि डाव्या गुडघ्याने तिचा भार घेतलाच नाही. ती पडली नाही. सावकाश, लवून नमस्कार केल्यासारखी, गुडघ्यावर बसली. नवरदेव मानेवरून अलगद घसरत खाली आला, फेटा जागच्या जागी. लोकांना तोही नाचच वाटला. केवढा टाळ्यांचा कडकडाट झाला! बँडने सूर आणखी चढवला. त्या सगळ्या गर्दीत टाळी न वाजवणारा एकच माणूस होता.

घोडी जगली. हाडाचा तुकडा निघाला होता, डॉक्टर म्हणाले. चालेल, पण नाच संपला.

तळेकर आठ दिवस त्या धुण्याच्या खोलीत बसून होते. सगळं परत करून बघत होते. रंग बरोबर, थेंब बरोबर, नळी बरोबर. मी एका दुपारी चंचुपात्रं घेऊन गेलो तेव्हा ते तबेल्याच्या दाराशी उभे होते. ट्रकमधून दोन नवे घोडे उतरवत होते. त्या कंपनीत घोडे यायचे ते शर्यतीतून, नाहीतर कुठल्या सरकारी पागेतून निवृत्त केलेले. सिरमला रक्त लागतं, पाय लागत नाहीत. तबेल्यातला म्हातारा मोतद्दार दर ट्रकच्या वेळी तोच विनोद करी. त्या दिवशीही केला.

"सोडा हो दोर! पाय गेलेले आहेत साल्यांचे, पळून जातील कुठे?"

सगळे हसले. सवयीने मीही हसलो. तळेकर माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या तोंडून एकदम गावची बोली आली.

"नाटकवाले, माझा मापच चुकला हो."

"काय झालं?"

"बारा वर्षं मी हा विनोद ऐकतोय. बारा वर्षं हसतोय." त्यांनी तबेल्याकडे बोट केलं. "हे सगळे पाय गेलेले. यांच्यावरून मी निरोगी ठरवला. का? तर लंगडत नव्हते म्हणून. अहो, दिवसभर बांधलेला घोडा लंगडणार कसा? त्याला चालायचंच कुठे असतं?"

लंगडणं ही शेवटची बातमी, हे जगाला ओरडून सांगणारा हा माणूस, स्वतःचं माप मात्र त्याच बातमीवर ठरवून बसला होता. त्यांच्या पहिल्या तीन नळ्या निरोगी नव्हत्याच. त्या आजाराच्याच तीन पायऱ्या होत्या, आणि चांदणी तिसरीवर उभी होती.

त्याच संध्याकाळी ते वर्सोव्याला गेले. मला म्हणाले, "चला. माफी मागताना साक्षीदार पाहिजे." मुश्ताकभाई चांदणीच्या पायाला ओलं फडकं गुंडाळत होते. तळेकर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. घोडे कुठले, माप कसं चुकलं, तिसरी नळी म्हणजे काय. शेवटी म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून तुमच्या घोडीचा पाय गेला. मला काय बोलायचं ते बोला."

मुश्ताकभाईंनी फडक्याची गाठ मारली. मग हसले, अगदी मायेने.

"काय हो तळेकरसाहेब, एवढं मनाला लावून घेता! मी काय तुमच्या नळीवर नाचवली तिला? लग्नाचा सीझन होता. तुम्ही नको म्हणाला असतात तरी नाचवली असती. चला, चहा घ्या."

माणसाला दिलासा द्यायचा तो यापेक्षा चांगल्या मनाने देता येणार नाही. तळेकरांनी चहा घेतला, बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत. कप विसळून जागेवर ठेवला. आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत आलो. बस आली तेव्हा एवढंच म्हणाले, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातही नळ्या मोरीत ओतल्या. मोरी दोन दिवस जांभळी होती.

मला वाटलं, संपलं. पण हा माणूस मला कधी कळलाच नव्हता. पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा तो निळा रंग मागवला. म्हणाले, "आता आधी खरा निरोगी घोडा पाहिजे. कुणी ज्याच्यावर बसलेलं नाही, ज्याने ओझं उचललेलं नाही, जो कधी डांबरावर पळाला नाही. त्याच्यावरून पहिली नळी. मग पुढची रांग." आता मुंबईच्या उपनगरात असा घोडा कुठे मिळणार? इथे जन्माला आलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर चालायला लागायच्या आत काहीतरी ठेवतात.

पण मिळाला. नाचायची बंद झाल्यावर मुश्ताकभाईंनी चांदणीला फळवलं, आणि वर्षभराने तिला पिल्लू झालं. तपकिरी रंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका. मुश्ताकभाईंनी नाव ठेवलं शहजादा. तळेकर त्याला शून्यराव म्हणत.

"तीन वर्षांचा होईपर्यंत याच्यावर कुणाला बसवू नका," त्यांनी मुश्ताकभाईंना हात जोडून सांगितलं. "तीन वर्षांनी एक थेंब घेऊ. तेवढाच. माझी पहिली नळी."

"आपका हुकूम," मुश्ताकभाई छातीवर हात ठेवून म्हणाले.

मधल्या काळात तळेकर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना घड्याळ मिळालं आणि साहेबांनी भाषणात त्यांचं नाव दोनदा चुकवलं. त्यानंतर ते दर गुरुवारी मरोळहून वर्सोव्याला जाऊ लागले. सकाळी नऊची बस, हातात डबा, डब्यात दोघांना पुरेल इतकी गाजरं. शिंगरू कसं उठतं, कसं बसतं, कोणता पाय आधी टाकतं, हे सगळं एका शाळेच्या वहीत लिहीत. अशा तीन वह्या भरल्या होत्या. मी कधी भेटलो की सांगत, "अहो, याच्या गुडघ्यात काहीच नाही. काहीच! कळतंय का तुम्हाला? असं काहीच नसणं मी पहिल्यांदा बघतोय."

शेवटचं बघितलं तो असाच एक गुरुवार. वर्सोव्याच्या एका कारखान्यात माझं काम होतं, ते संपवून दुपारी तबेल्याकडे वळलो. ओहोटी होती. तळेकर लांब ओल्या वाळूत उभे होते, छत्री उन्हासाठी उघडलेली, आणि शून्यराव त्यांच्याभोवती मोकळे दौडत होते. पुढच्या गुरुवारी थेंब काढायचा होता. निवृत्त डॉक्टरांनाही त्यांनी बोलावून ठेवलं होतं.

तबेल्याशी मुश्ताकभाई खाटेवर पडले होते. मी म्हणालो, "काय मुश्ताकभाई, शब्द पाळलात हां! तीन वर्षं म्हणजे गंमत नाही."

ते उठून बसले. वाळूकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज उतरवला.

"तुम्ही घरचे म्हणून सांगतो. गुरुवारी नाही बसवत कुणाला. त्यांच्या समोर नाही. बाकी दिवस पोरगा त्याला जुहूला नेतो. दोन वर्षं झाली. रविवारी तर वीस-वीस फेऱ्या होतात." मग माझं तोंड बघून घाईने म्हणाले, "आता मी काय करू? घोडा आहे तो. खातो. आणि त्यांना गुरुवारी मोकळा दिसतो ना? खूश असतात बिचारे. कशाला सांगायचं?"

मी आयुष्यभर बडबड करून पोट भरलेलं आहे. स्टेजवर विसरलेली वाक्यं मी जागच्या जागी बनवून म्हटलेली आहेत. तबेल्यापासून तळेकरांपर्यंत दीडशे पावलं असतील. त्या दीडशे पावलांत मी एक वाक्य जुळवत गेलो, तीनदा मोडलं, चौथ्यांदा जुळवलं.

मी जवळ पोचलो तेव्हा ते वाकून वाळूतले टापांचे ठसे बघत होते. माझी चाहूल लागली, तसा त्यांनी मागे न बघताच हात वर केला. थांबा म्हणून. मोजत होते. मी थांबलो. मोजून झाल्यावर ते वळले. उन्हाने तोंड लालबुंद झालेलं, डोळ्यांत पाणी, वाऱ्याचं असेल.

"बघितलंत, नाटकवाले? चारी पाय सारखे. एकदम कोरा!"

"झकास," मी म्हणालो.

त्यांना तेवढंच पुरलं. ते पुन्हा वळले आणि छत्री सांभाळत, एकेका ठशाशी थांबत, वाकत, वहीत लिहीत, त्या घोड्याच्या मागे मढच्या दिशेने चालत गेले. मी बराच वेळ तिथे होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या अंतरावर ते बराच वेळ होते.